वाचक विचारतात : एक विणकर, सत्तर वारस आणि मीटिंगचं रजिस्टर

मागच्या अंकात अमेरिकेतल्या क्वेकर लोकांवर आम्ही अर्ध्या पानाचा मजकूर दिला होता. त्यात जॉर्ज बून नावाच्या विणकराबद्दल दोनच ओळी होत्या, की हा 1717 ला इंग्लंडहून पेनसिल्व्हेनियात आला आणि याचा नातू डॅनियल बून पुढे केंटकीकडे जाणारी वाट काढून अख्ख्या अमेरिकेत गाजला. बस, एवढंच. पण त्यावर इतकी पत्रं आणि व्हॉट्सॅप मेसेज आले की या वेळचं पूर्ण सदर त्यालाच देतोय. सारखेच प्रश्न एकत्र केलेत आणि कुणाचंही नाव टाकलेलं नाही, फक्त एरिया दिलाय.

धरमपेठहून एक निवृत्त शिक्षक : क्वेकर हे ख्रिश्चनच ना? मग ख्रिश्चनांनीच त्यांना त्रास काहून दिला? आणि जॉर्ज बून त्या त्रासालाच कंटाळून पळाला का?

सर, ख्रिश्चनच. पण 1650 च्या आसपास जॉर्ज फॉक्स आणि त्याच्या सोबतचे लोक इंग्लंडमध्ये गावोगावी फिरून जे सांगायला लागले ते चर्चलाही पचणारं नव्हतं आणि सरकारलाही. त्यांचं म्हणणं की देवाचा उजेड प्रत्येक माणसाच्या आत असतोच, मग मधे पाद्री कशाला पाहिजे. प्रार्थनेला सगळे गुपचूप बसणार, ज्याला आतून वाटेल तो उठून बोलणार, मग ती बाई असो का माणूस. बड्या माणसासमोर हॅट काढायची नाही. कोर्टात शपथ घ्यायची नाही, कारण माणसानं नेहमीच खरं बोलायचं असतं, शपथ घेऊन खरं बोलतो म्हटलं तर एरवी काय बोलतो असा प्रश्न येतो ना. लढाईला जायचं नाही, चर्चचा कर भरायचा नाही. एवढं सगळं एकदम म्हटल्यावर सरकार गप्प बसणार होतं थोडंच, 1662 मध्ये खास क्वेकरांविरुद्ध कायदा झाला, हजारो लोक तुरुंगात गेले. आणि अमेरिकेत गेलं की सुटलो असंही नव्हतं बरं का, मॅसॅच्युसेट्समधल्या प्युरिटन म्हणजे कडक प्रोटेस्टंट लोकांनी 1659 ते 1661 मध्ये बोस्टनला चार क्वेकरांना फाशी दिली, त्यातली एक मेरी डायर, तिला आधी हाकलून दिलं होतं तरी ती परत परत आली, शेवटी 1660 ला फासावर गेली.

मग 1681 मध्ये विल्यम पेनला राजा दुसऱ्या चार्ल्सकडून पेनसिल्व्हेनिया मिळालं. पेनच्या वडलांचे राजाकडे 16000 पौंड अडकले होते, त्याची फेड म्हणून ही जमीन. पेन स्वतः क्वेकर, स्वतः तुरुंगात जाऊन आलेला, त्यामुळे त्यानं तिथं पहिल्यापासून कुणाच्याही धर्माला हात लावायचा नाही असं ठरवून टाकलं.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नावर येतो. जॉर्ज बून गेला 1717 ला, आणि इंग्लंडमध्ये 1689 लाच सहिष्णुतेचा कायदा झाला होता, म्हणजे क्वेकरांना उघडपणे प्रार्थनेला जमता येत होतं. कर, शपथ यावरून कटकटी होत्या, पण जीव मुठीत धरून पळण्याचे दिवस उलटून गेले होते. तरी पुष्कळ ठिकाणी हा माणूस छळातून निसटून गेला असं छापलेलं असतं, ते वाचायला भारी वाटतं पण तारखा जुळत नाहीत. डेव्हन परगण्यातल्या विणकराला नऊ पोरं, आणि पेनसिल्व्हेनियात शेकड्यानं एकर जमीन परवडत होती, मला तर हे कारणच जास्त खरं वाटतं आणि त्यात कमीपणा काही नाही.

नंदनवनहून एक कॉलेजचा विद्यार्थी : या जॉर्ज बूनची माहिती सलग द्या ना, नेटवर सगळं डॅनियलचंच येतं.

खरंय, नातू इतका मोठा झाला की आजोबा मागे पडला. तर जॉर्जचा जन्म 1666 चा, इंग्लंडमध्ये एक्झेटर शहराजवळच्या स्टोक नावाच्या खेड्यात. बाप लोहार, हा विणकर. त्या भागात तेव्हा लोकरी कापडाचा मोठा धंदा होता. बायको मेरी मॉग्रिज, संसार ब्रॅडनिंच गावात.

त्यानं एकदम सगळं विकून जहाज पकडलं असं नाही केलं. आधी मोठी तीन पोरं पुढे पाठवली, जॉर्ज, सारा आणि स्क्वायर. हो, स्क्वायर हे नावच आहे, पदवी नाही, याच्यावरून दोन वाचकांनी विचारलंय. ती पोरं तिथं गेली, सगळं बघितलं आणि तिकडून बरं कळल्यावर मग म्हातारा-म्हातारी उरलेल्या लेकरांना घेऊन निघाले. म्हातारा म्हणजे तेव्हाच्या हिशोबानं, पन्नाशी ओलांडलेला. 17 ऑगस्ट 1717 ला गाव सोडलं आणि नव्या कॅलेंडरप्रमाणे 10 ऑक्टोबरला फिलाडेल्फियाला पोचले. आपल्याकडे तेव्हा गोंड राजांचं राज्य होतं, बख्त बुलंद शहानं नागपूर वसवून उणीपुरी पंधरा वर्षं झालेली, म्हणजे काळाचा अंदाज येईल.

पोचल्यावर थोड्याच दिवसांत, ऑक्टोबर संपायच्या आत, त्यानं ग्विनेड गावच्या मंथली मीटिंगमध्ये, म्हणजे तिथल्या क्वेकरांच्या दर महिन्याच्या कामकाजाच्या सभेत जाऊन आपला दाखला दाखवला. हे समजून घ्या कारण पुढचं सगळं याच्यावर आहे. क्वेकर माणूस एका गावाहून दुसऱ्या गावी राहायला गेला की जुन्या मीटिंगकडून कागद आणायचा, आपल्या शाळेच्या टीसीसारखा, की हा माणूस आमच्याकडे नीट वागत होता, कुणाचं देणं नाही, लग्नाचा कुठे शब्द दिलेला नाही. जॉर्जनं डेव्हनमधल्या कलम्पटन मीटिंगचा दाखला आणला होता, तो तिथं सगळ्यांसमोर वाचला गेला, पसंत पडला, आणि तशी नोंद झाली. समुद्रापलीकडच्या एका खेड्याचा कागद दुसऱ्या खेड्यात चालतोय, मधे ना सरकार ना बिशप. मला या गोष्टीचं फार अप्रूप वाटतं.

नंतर हे लोक ओली नावाच्या भागात गेले, आज तो बर्क्स काउंटीत येतो. तिथं जॉर्जला 400 एकर जमीन मिळाली, लाकडी घर बांधलं, क्वेकर मीटिंग उभी राहिली, आणि पुढे त्या टाउनशिपला नाव पडलं एक्झेटर, त्यांच्या जुन्या गावाजवळच्या शहराचं. मेरी 1740 ला गेली, तो 1744 ला, 78 वर्षांचा होऊन. तोवर इकडे नागपुरात रघुजी भोसल्यांचा अंमल आलेला होता. दोघांनाही एक्झेटरच्या क्वेकर दफनभूमीत पुरलं.

महालातून एक ताई : बून घराण्याला लग्नावरून वाळीत टाकलं असं कुठेतरी वाचलं. हे तर आपल्या जातपंचायतीसारखंच झालं की! मग क्वेकरांचं एवढं कौतुक कशाला?

ताई, तुमचा प्रश्न या सगळ्या पत्रांमध्ये मला सगळ्यात आवडला, म्हणून याला जास्त जागा देतोय.

आधी त्यांचं लग्न कसं व्हायचं ते सांगतो. पोरगा-पोरगी दोघांनी मंथली मीटिंगमध्ये उभं राहून सांगायचं की आम्हाला लग्न करायचंय. मग मीटिंग दोन-दोन माणसं नेमणार, मुलीकडे बायका जाणार आणि मुलाकडे माणसं, की बाबा आणखी कुठे शब्द दिलाय का, आईबापांची हरकत आहे का. पुढच्या महिन्यात दोघांनी परत येऊन सांगायचं की आमचा विचार बदललेला नाही. सगळं ठीक असलं की मग एक दिवस सगळे जमणार, दोघं हात हातात घेऊन एकमेकांना वचन देणार, पाद्री नाही, अंगठी नाही, आणि शेवटी एका मोठ्या कागदावर जमलेल्या सगळ्यांनी सही करायची, बायकांनी सुद्धा. 1720 साली जॉर्जचा मुलगा स्क्वायर आणि सारा मॉर्गन यांचं लग्न ग्विनेडला असंच झालं. सारा वेल्समधून आलेल्या क्वेकर घराण्यातली. यांना अकरा लेकरं झाली, डॅनियल सहावा.

अडचण कुठे यायची, तर क्वेकर नसलेल्याशी लग्न केलं की. आणि बून घरात हे सारखं सारखं झालं. थोरल्या जॉर्जनंच एकदा जॉन वेब नावाच्या तरुणाला आपल्या मुलीशी भेटीगाठी ठेवायची परवानगी देऊन टाकली, मीटिंगला न विचारता, तर त्याला भर मीटिंगमध्ये कबूल करावं लागलं की मी घाई केली. मग पुढच्या पिढीत 1742 ला स्क्वायरच्या थोरल्या मुलीनं, तिचंही नाव साराच, बाहेरच्या मुलाशी लग्न केलं. स्क्वायरला जाब विचारला. त्यानं सांगितलं की मी फार कात्रीत सापडलो होतो, काय करावं कळेना, कारण पोरांचं प्रकरण आधीच पुढे गेलेलं होतं. हे बापाचं बोलणं रजिस्टरमध्ये लिहून ठेवलंय! त्यानं चूक मानली, विषय संपला.

पण 1747 ला मोठा मुलगा इस्रायल यानंही तेच केलं आणि या वेळी मात्र स्क्वायर नमला नाही. मीटिंगची माणसं त्याच्या घरी गेली, समजावलं, तो काही चूक मानेना. शेवटी 1748 मध्ये मीटिंगनं त्याला सभासदत्वातून काढलं. माणूस वयानं पन्नाशीतला, वडलांनी जी मीटिंग उभी करायला हातभार लावला त्याच मीटिंगमधून मुलगा बाहेर.

आता जातपंचायत. फरक आहे आणि तो बारीकसारीक नाही. काढलं म्हणजे काय, तर कामकाजाच्या बैठकीत बसता येणार नाही, मीटिंगकडून दाखला मिळणार नाही. पण रविवारी प्रार्थनेला येऊन बसायला मनाई नव्हती, त्याच्याशी बोलू नका, त्याच्या दुकानातून घेऊ नका, त्याच्याकडे जेवू नका असा हुकूम नव्हता, दंड वसूल करणं नव्हतं, आणि कधीही येऊन चूक मान्य केली की परत घेत होते. सगळ्यात मोठं म्हणजे बायकोला त्यात ओढलं नाही. स्क्वायरची बायको सारा सभासदच राहिली, आणि 1750 ला हे कुटुंब गाव सोडून निघालं तेव्हा तिनं मीटिंगकडून स्वतःच्या नावानं दाखला घेतला. नवरा बाहेर, बायको आत, आणि दोघं एकाच घरात. आपल्याकडे वाळीत टाकतात तेव्हा घरच्या सगळ्यांना टाकतात, पाणी तोडतात, मयताला खांदा देत नाहीत, म्हणून तर 2016 ला महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध वेगळा कायदा करावा लागला.

पण तुमचं म्हणणं अगदीच चूक नाही हे पण लिहितो. दोन मोठी माणसं स्वतःच्या मनानं लग्न करतायत आणि त्याचा जाब बापाला द्यावा लागतोय, हे मला पण पटत नाही. या नियमापायी क्वेकरांनी त्या शतकात आपलीच हजारो तरणी पोरं गमावली आणि पुढे त्यांना स्वतःलाच तो सोडावा लागला. देवाचा उजेड प्रत्येकात आहे म्हणणाऱ्यांनी बाहेरच्या जावयात तो बघायला नको होता का, हे विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.

सक्करदऱ्याहून एक वाचक : तीनशे वर्षांपूर्वीचा एक साधा विणकर, राजा नाही, सरदार नाही, त्याचं एवढं डिटेल कसं काय माहिती? आणि डॅनियलच्या जन्माच्या दोन-दोन तारखा का दिसतात?

कारण मीटिंग सगळं लिहून ठेवायची. दर महिन्याला बैठक, दर बैठकीचं रजिस्टर. कोण आलं, कुणाचा दाखला वाचला, कुणाचं लग्न, कुणाचा जन्म, कोण वारलं, कुणी दारू पिऊन तमाशा केला, कुणाचं देणं थकलं. आणि चुका लिहिल्या म्हणून तर माणसं जिवंत राहिली हो! स्क्वायरनं सगळं निमूट ऐकलं असतं तर रजिस्टरमध्ये त्याच्याबद्दल दोन ओळी असत्या, तो अडून बसला म्हणून आज आपल्याला तो बाप म्हणून दिसतो.

घरातल्यांनी पण लिहिलं. जॉर्जचा एक नातू जेम्स बून, गणितात हुशार, त्यानं 1788 मध्ये घराण्याची पूर्ण हकीकत लिहून काढली. वर मी ज्या तारखा दिल्या, गाव कधी सोडलं, कधी पोचले, त्या त्याच्यामुळेच आपल्याला माहिती आहेत. आजोबा वारले तो वार कुठला, सकाळी किती वाजले होते, इथपर्यंत लिहिलंय. आणि पुढे हिशोब मांडलाय की आजोबा गेले तेव्हा मागे आठ मुलं, 52 नातवंडं आणि दहा पतवंडं हयात होती, एकूण सत्तर, आणि बायबलमध्ये याकोबाच्या घरचे जेवढे लोक इजिप्तला गेले तेवढीच ही माणसं. मला तर हे वाचताना त्या नातवाचा चेहरा दिसतो, बोटावर मोजत बसलेला. सत्तरचा आकडा जुळला तेव्हा किती खूश झाला असेल.

आपल्याकडे कुलवृत्तांत छापायची परंपरा आहेच, त्र्यंबकेश्वर-नाशिकला तीर्थोपाध्यांच्या वह्यांमध्ये पिढ्यान्‌पिढ्यांची नावं सापडतात. पण त्यात बहुतेक वेळा पुरुषांचीच नावं असतात, लेकी लग्न करून गेल्या की कागदावरून पण जातात. क्वेकरांच्या नोंदीत लेक, सून, आजी सगळ्या आपल्या नावानं आहेत, माहेरच्या आडनावासकट, कारण बायकांची स्वतःची वेगळी मीटिंग होती आणि तिचंही रजिस्टर होतं. तुमच्या घरात पंच्याहत्तरीच्या पुढचं कुणी असेल तर या दिवाळीत मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करून बसा त्यांच्याजवळ, पणजीचं माहेरचं नाव काय होतं ते आधी विचारा. पुष्कळ घरांत त्याचं उत्तर देणारं एकच माणूस उरलेलं असतं.

तारखांचं असं आहे की 1752 पर्यंत इंग्लंड आणि त्याच्या वसाहतींत जुनं कॅलेंडर चालायचं, मग नवं आलं, अकरा दिवसांचा फरक. डॅनियल 1734 चा, जुन्याप्रमाणे 22 ऑक्टोबर, नव्याप्रमाणे 2 नोव्हेंबर. तो स्वतः आयुष्यभर 22 ऑक्टोबरच धरून बसला. त्यात क्वेकर लोक महिन्यांची नावं घ्यायचे नाहीत कारण ती रोमन देवांची आणि बादशहांची, ते पहिला महिना, दुसरा महिना असं लिहायचे, आणि जुन्या हिशोबात वर्ष मार्चमध्ये सुरू व्हायचं म्हणून त्यांचा पहिला महिना म्हणजे मार्च. जुने कागद वाचताना जानेवारी धरलं की सगळंच दोन महिने सरकतं. वंशावळीच्या वेबसाइटवर हा घोळ भरपूर आहे, तेव्हा जपून.

काटोल रोडहून एक वाचक : 400 एकर वगैरे हे सगळं ठीक, पण ती जमीन कुणाची होती? आणि गुलामांचं काय?

तिथल्या मूळनिवासी लेनापे लोकांची होती. डेलावेअर नदीच्या दोन्ही बाजूंना त्यांचा मुलूख. विल्यम पेननं स्वतः त्यांच्याशी बोलून, मोबदला देऊन करार केले, बाकी वसाहतींच्या मानानं हे पुष्कळच बरं होतं हे खरं आहे. पण जमीन विकली म्हणजे आपण तिथून कायमचं उठायचं, हा अर्थ लेनाप्यांच्या मनात होता का, तर नाही, त्यांच्या हिशोबानं वापरू देणं वेगळं. आणि पेन गेल्यावर त्याच्या मुलांनी बापाची अब्रू धुळीला मिळवली. 1737 चा वॉकिंग परचेस म्हणून जो प्रकार आहे तो बघा. एक जुना करार दाखवला की माणूस दीड दिवसात चालून जाईल तेवढी जमीन आमची. लेनाप्यांना वाटलं साधं चालणं. यांनी आधीच झाडं तोडून वाट मोकळी करून ठेवली आणि तीन पळणारे गडी निवडले, त्यातल्या एकानं शंभर किलोमीटरच्या वर अंतर कापलं. दहा लाख एकरांच्या वर जमीन गेली. बून कुटुंबाची शेती त्या तुकड्यात नव्हती, पण काळ तोच आणि फार लांब पण नाही. गोंडांचा मुलूख कसा कसा हातातून गेला हे ज्यांना माहिती आहे त्या आपल्या भागातल्या लोकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

गुलामांच्या बाबतीत क्वेकरांचा इतिहास दोन्ही बाजूंचा आहे. 1688 मध्ये फिलाडेल्फियाजवळच्या जर्मनटाउनमध्ये चार जणांनी सह्या करून निषेध लिहिला की माणसाला विकत घेणं चूक आहे, तुमच्याशी कुणी असं वागलं तर चालेल का. त्यात जर्मनटाउन वसवणारा फ्रान्सिस डॅनियल पास्टोरियस होता. मीटिंगनं तो कागद या बैठकीतून त्या बैठकीत पाठवला आणि शेवटी बाजूला ठेवून दिला, कारण कित्येक मोठ्या क्वेकरांच्या घरी गुलाम होते, पेनच्या स्वतःच्या घरी पण होते. जॉन वुलमन, अँथनी बेनेझेट असे लोक वर्षानुवर्षं दारोदारी जाऊन समजावत राहिले तेव्हा कुठे 1758 मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक मीटिंगनं गुलाम बाळगणाऱ्यांच्या घरी माणसं पाठवायचं ठरवलं, आणि 1776 मध्ये गुलाम सोडत नसेल तर सभासदत्व रद्द. म्हणजे 88 वर्षं. बाहेरच्याशी लग्न केलं तर एका वर्षात काढत होते आणि याला 88 वर्षं, ही गोष्ट मला खरंच टोचते.

आणि मीटिंगमधून बाहेर पडलेल्या बून शाखेचं काय झालं? 1750 ला स्क्वायर कुटुंब घेऊन निघाला, 1765 ला तो नॉर्थ कॅरोलिनातल्या यॅडकिन खोऱ्यात वारला. डॅनियल पुढे कोणत्याच चर्चचा सभासद झाला नाही. 1775 मध्ये त्यानं कम्बरलँड घाटातून केंटकीत जाणारी वाट तोडली, मागून लाखो लोक गेले. शॉनी या मूळनिवासी लोकांच्या शिकारीच्या मुलखात हे घुसले, लढाया झाल्या, त्यात डॅनियलची दोन मुलं मारली गेली, 1773 ला जेम्स आणि 1782 ला इस्रायल. त्याला स्वतःला 1778 मध्ये शॉनींनी पकडून नेलं आणि त्यांच्या सरदारानं मुलगा म्हणून दत्तक घेतलं, तिथून तो काही महिन्यांनी निसटला. केंटकीत त्याच्या मालकीचे गुलाम होते. आणि इतकी जमीन शोधून कागदपत्रं नीट न केल्यामुळे शेवटी हाती काहीच उरलं नाही, 1799 मध्ये मिसुरीला गेला, 1820 ला तिथंच वारला. आजोबांच्या घराण्यात कागद केवढे सांभाळले आणि नातवाची जमीन कागदांपायी गेली. लढायचं नाही, शपथ घ्यायची नाही म्हणणाऱ्या घरातून दोन पिढ्यांत एवढं अंतर पडलं. काहींना मीटिंगनं काढलं म्हणून हे झालं असं वाटतं, मला तसं नाही वाटत. जमिनीची भूक तर आजोबापासूनच होती, मीटिंगमध्ये असेपर्यंत तिला थोडा लगाम होता इतकंच म्हणता येईल.

त्रिमूर्तीनगरहून : अब्राहम लिंकन आणि बून नातेवाईक होते हे खरं का?

नातं आहे पण सोयरिकीचं, रक्ताचं नाही. एक्झेटरमध्ये बूनांच्या शेजारीच मॉर्डेकाय लिंकनचं घराणं राहायचं. त्याच्या मुलानं, नाव अब्राहमच, 1760 मध्ये ॲन बूनशी लग्न केलं. ॲन ही डॅनियलची चुलत बहीण, म्हणजे त्याचा काका जेम्स (जॉर्जचा मुलगा) याची मुलगी. राष्ट्राध्यक्ष लिंकन हे त्या अब्राहमच्या सावत्र भावाचे पणतू. आणि हो, ॲनलाही मीटिंगमध्ये चूक मान्य करावी लागली कारण नवरा क्वेकर नव्हता. लिंकननं स्वतः लिहिलेल्या छोट्या आत्मवृत्तात आपले पूर्वज बर्क्स काउंटीतले क्वेकर होते असं नमूद केलंय.

वर्धा रोडहून एक काकू : आपल्या इकडे कधी क्वेकर आले होते का हो?

काकू, आले होते आणि तुमच्या घरापासून जवळच! सेवाग्रामला मार्जोरी साइक्स राहायच्या, त्या इंग्लंडच्या, यॉर्कशायरच्या, 1928 ला मद्रासला शिक्षिका म्हणून आल्या, मग शांतिनिकेतन, आणि तिथून सेवाग्रामला नई तालीमच्या कामात, शिक्षक तयार करायला. क्वेकर होत्या. त्याच्याही आधी रेचल मेटकाफ नावाच्या बाई 1866 ला भारतात आल्या, आधी बनारस आणि मग होशंगाबाद, जे तेव्हा मध्य प्रांतात होतं, म्हणजे राजधानी आपलं नागपूरच. होशंगाबादजवळ रसुलियाला पुढे क्वेकरांचं ग्रामीण केंद्र झालं, साइक्सबाई तिथंही होत्या. आणि 1930 ला मिठाच्या सत्याग्रहाआधी गांधीजींनी व्हाइसरॉयला जे पत्र लिहिलं ते घेऊन जाणारा तरुण रेजिनाल्ड रेनॉल्ड्स, तो पण इंग्रज क्वेकर. बून घराण्याशी यांचा संबंध नाही, पण पंथ तोच, बैठक पण तशीच गुपचूप.

मनीषनगरहून : माझी मुलगी फिलाडेल्फियाला असते, आम्ही उन्हाळ्यात जातोय. पाहायला काय आहे?

बर्ड्सबरोजवळ डॅनियल बून होमस्टेड आहे, फिलाडेल्फियाहून गाडीनं दीड-एक तास. स्क्वायरनं घेतलेली 250 एकर जमीन ती हीच. आजचं दगडी घर नंतरचं, पण खाली मूळ लाकडी घराचा पाया आहे आणि तळघरात झरा आहे, घरातल्या घरात पाणी, ते नक्की बघा. 1750 ला स्क्वायरनं ही जागा विल्यम मॉग्रिजला विकली, आईकडच्या नात्यातलाच, त्यामुळे घर काही काळ सोयऱ्यांतच राहिलं. जवळच एक्झेटरचं दगडी मीटिंगहाउस आहे, 1759 चं, आणि तिथली दफनभूमी. जॉर्ज आणि मेरी तिथंच आहेत पण नावाचा दगड शोधू नका, त्या काळचे क्वेकर थडग्यावर दगड लावायचं टाळायचे. आणि कागद बघायची आवड असेल तर शहराजवळच स्वार्थमोर आणि हॅवरफोर्ड या दोन कॉलेजांकडे मीटिंगची जुनी रजिस्टरं ठेवलेली आहेत, जायच्या आधी मेल करून वेळ घ्या, आणि मुलीला सांगा की मीटिंगचं नाव आणि साल आधी लिहून पाठव, नुसतं आडनाव सांगितलं तर त्यांना शोधायला अवघड जातं.